शाळेच्या दारातून आत जाणारं आरोग्य प्रदर्शन: आखणीपासून आवराआवरीपर्यंत

शाळकरी मुलांसाठी आरोग्याचं फिरतं प्रदर्शन करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत विषयांची यादी तयार होते. हृदय, फुप्फुसं, दात, डोळे, हात धुणं, झोप, व्यायाम, साथीचे रोग. त्यातलं काहीही खोडायला कुणाचा हात धजत नाही आणि शेवटी उभे राहतात ते डझनभर फलक. मुलं रांगेने येतात, फलकांसमोरून सरकतात, एखादं बटण दिसलं तर दणादण दाबतात आणि निघून जातात.

या लेखातला सगळा सल्ला एका आग्रहावर उभा आहे, तो आधीच सांगून टाकतो. प्रदर्शनातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाने स्वतःच्या शरीराबद्दल निदान एक गोष्ट स्वतःच्या हाताने शोधलेली असली पाहिजे. माहिती पुस्तकात आहे, फोनवर आहे. आपली नाडी धावल्यावर किती वाढते हे मात्र धावून आणि मोजूनच कळतं.

बटण दाबणं म्हणजे सहभाग, हा समज फार जुना आहे. ड्रेस्डेनच्या जर्मन हायजीन म्युझियममध्ये १९३० साली पारदर्शक मानवाकृती उभी राहिली. तिच्या आतले अवयव एकेक करून दिव्याने उजळत. त्या काळी ते अद्भुतच होतं. आजच्या मुलाला दिवा लागण्याचं कौतुक दोन सेकंद टिकतं. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमधलं भलंमोठं हृदय १९५४ पासून मुलांना खेचतंय, कारण त्यात शिरून चालता येतं. रक्त ज्या वाटेने जातं त्याच वाटेने आपणही जातो. तेवढं हृदय टेम्पोत मावणार नाही, पण शरीराने काहीतरी करायचं आणि त्यातूनच कळायचं, हे तत्त्व एका पेटीतही मावतं.

पहिली पायरी: घड्याळ मोजा, मग दार

विषय ठरवण्याआधी शाळेचा तास किती मिनिटांचा आहे ते विचारा. समजा ४५ मिनिटांचा तास आणि वर्गात ४० मुलं. आत येऊन स्थिरावायला आणि काय करायचं ते सांगायला ५ मिनिटं, शेवटच्या गप्पांना ५. उरली ३५. त्यात पाच टेबलं, म्हणजे मुलांनी काहीतरी करून बघायच्या पाच जागा, प्रत्येकी ६ मिनिटांच्या धरल्या तर ३० मिनिटं, आणि एका टेबलावरून दुसऱ्याकडे जायला एकेक मिनिट धरलं तर चार बदलांची ४ मिनिटं. झाले ४४. सहावं टेबल बसत नाही. कुणी कितीही गळ घातली तरी बसत नाही.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. पाच टेबलं आणि ४० मुलं म्हणजे एका टेबलाशी आठ जण. एकाच मुलाला वापरता येईल असं साधन तिथे ठेवलं तर सहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण मिनिट येतं आणि बाकीचे सात जण ढकलाढकली करतात. म्हणून प्रत्येक टेबलावर त्याच साधनाचे चार संच हवेत, दोन मुलांच्या दर जोडीला एक. एकच देखणं महागडं यंत्र घेण्यापेक्षा चार साधे संच केव्हाही बरे. शिवाय चारातला एक बिघडला तरी टेबल चालू राहतं.

मग दार. वर्गाचं दार बहुधा ८० ते ९० सेंटीमीटर रुंद असतं आणि त्यातही एखादी झडप उघडत नाही. कोणतीही पेटी ७० सेंटीमीटरपेक्षा रुंद करू नका. वजन दोघांनी उचलायचं असेल तर २० ते २५ किलोच्या आत, एकट्याने उचलायचं असेल तर त्याच्या निम्मं. चाकांवर फार भिस्त ठेवू नका. जिन्यावर चाकांचा उपयोग शून्य, आणि प्रदर्शनाला मिळणारी खोली वरच्या मजल्यावर असणार हे गृहीत धरा.

दुसरी पायरी: प्रश्न एकच

पाच टेबलं म्हणजे पाच विषय नव्हेत. पाचही टेबलं एकाच प्रश्नाभोवती फिरली तर मुलाच्या डोक्यात काही राहतं. ‘मी पळतो तेव्हा आत काय चालतं?’ या एका प्रश्नात हृदय, श्वास, स्नायू, घाम आणि विश्रांती येतात. ‘जंतू एका हातातून दुसऱ्याकडे कसे जातात?’ यात हात, शिंक, जखम, पाणी आणि लस येते. प्रश्न मुलाच्या तोंडी शोभेल असा हवा. ‘रक्ताभिसरण संस्थेची ओळख’ हा प्रश्न नाही, तो धड्याचा मथळा आहे.

प्रश्न ठरवताना शाळेत मुलांना रोज पाहणाऱ्यांशी बोला: वर्गशिक्षक, आरोग्य तपासणीला येणारी परिचारिका किंवा डॉक्टर. आणि थोडा वेळ मुलांशी. त्यांना शरीराची कोरी बाह्यरेखा द्या आणि आत काय काय आहे ते काढायला सांगा. यातून जितकं हाती लागतं तितकं प्रश्नपत्रिकेतून लागत नाही. हृदय बदामाच्या आकाराचं निघतं, हाडं एकमेकांना न जोडलेली तरंगत असतात, पोट म्हणजे नुसती पिशवी आणि तिच्यापुढे वाटच नाही. जिथे चित्र अडलं तिथे टेबल मांडा. हे कागद जपून ठेवा, शेवटी लागतील.

वयाचा विचार इथेच करायचा. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना तुलना कळते: जास्त-कमी, जलद-हळू. नऊ ते अकरा या वयात मोजण्याची आणि नोंदण्याची भारी हौस असते, आरोग्य प्रदर्शनासाठी मला हेच वय सगळ्यात फळणारं वाटतं. बारानंतरच्या मुलांना खरं कौशल्य द्या. छाती दाबून जीव वाचवण्याचा सराव हे त्याचं उत्तम उदाहरण. बाराव्या वर्षापासून दरवर्षी शाळेत दोन तास हे शिकवावं या मोहिमेला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिला. मिनिटाला १०० ते १२० दाब ही लय पाळताना मोठी माणसंही घामाघूम होतात, आणि नेमकं तेच मुलांना आवडतं.

तिसरी पायरी: हाताला काय काम?

प्रत्येक टेबलासाठी एक ओळ लिहा: ‘मूल इथे … करतं आणि त्याला … दिसतं.’ दोन्ही गाळलेल्या जागा क्रियेने आणि अनुभवाने भरल्या पाहिजेत. ‘मूल इथे वाचतं आणि त्याला समजतं’ असं लिहावं लागलं तर ते टेबल रद्द. स्क्रीनवर बोट फिरवणं ही कृती मी धरत नाही. स्क्रीनसमोर आठातला एकच जण बसतो, बाकीचे मागून डोकावतात.

उदाहरणार्थ आतडं. प्रौढ माणसाचं लहान आतडं सुमारे ६ मीटर आणि मोठं सुमारे दीड मीटर, हे वाक्य मुलं ऐकतात आणि विसरतात. पोटाच्या आकाराच्या कापडी पिशवीत साडेसात मीटर जाड दोरी घडी घालून भरा, दीड मीटरचा भाग वेगळ्या रंगाचा ठेवा, आणि एका मुलाला टोक धरून चालायला सांगा. तो खोलीबाहेर जातो. मग खरा खेळ सुरू होतो, कारण दोरी परत पिशवीत भरायची असते. गुंडाळ्या केल्याशिवाय ती मावतच नाही हे पोरांना शोधावं लागतं, आणि आतडं पोटात तसं का दुमडलेलं असतं ते कुणी न सांगता कळतं.

पाचपैकी दोन टेबलं जरा जवळून बघू, म्हणजे किती बारकाईने विचार करावा लागतो याचा अंदाज येईल.

नाडीचं टेबल

सामान अगदी साधं. मळलेली माती किंवा मुलांची रंगीत क्ले, लांब हलक्या नळ्या, सेकंदकाटा ठळक दिसणारं मोठं घड्याळ, गोल आणि चौकोनी चिकटपट्ट्या आणि भिंतीवर लावायचा मोठा तक्ता. वाटाण्याएवढी माती चपटी करून मनगटावर अंगठ्याच्या मुळाखाली, जिथे नाडी लागते तिथे ठेवायची आणि तिच्यात नळी उभी खोचायची. तळहात वर करून हात टेबलावर सैल सोडायचा. जागा बरोबर लागली की नळीचं टोक ठोक्यागणिक डुलायला लागतं. टेबलाशी त्या क्षणी होणारी शांतता या प्रदर्शनात पुन्हा कुठे मिळणार नाही. नळी जितकी लांब आणि हलकी तितकं डुलणं स्पष्ट. जाड नळी घेतलीत तर काही दिसणार नाही.

मोजणं ३० सेकंद करा आणि दुप्पट करा. १५ सेकंदांत मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते आणि मुलं मोजताना एखादा ठोका हमखास गाळतात. शाळकरी वयात बसलेल्या मुलाचे ठोके मिनिटाला साधारण ७० ते ११० असतात. मग अर्धा मिनिट जागच्या जागी उड्या आणि पुन्हा मोजणी. दोन्ही आकडे तक्त्यावर दोन रंगांच्या आणि दोन आकारांच्या चिकटपट्ट्यांनी लावायचे. नाव लिहायचं नाही. आकार वेगळे ठेवण्याचं कारण असं की नुसत्या लाल-हिरव्यावर भिस्त ठेवली तर रंग नीट न ओळखणारी मुलं बाजूला पडतात, आणि अशी मुलं प्रत्येक शाळेत असतात.

दिवसअखेर तक्त्यावर शंभरेक ठिपक्यांचा ढीग तयार होतो. मधे दाटी, दोन्ही टोकांना विरळ. ‘माझा इतका कमी का?’ हा प्रश्न येतोच. उत्तर घाईने देऊ नका. निरोगी माणसांचे आकडेही वेगवेगळे असतात हे तो ढीगच दाखवतो. तरीही सूत्रधाराला, म्हणजे टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाला, एक वाक्य पाठ हवं: हे मोजमाप शिकण्यासाठी आहे, यावरून कुणी आजारी आहे की नाही ते ठरत नाही. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या, किंवा नुसत्या उड्या मारायच्या नसलेल्या मुलासाठी वेळ धरण्याचं काम राखून ठेवा. ते काम मानाचं वाटेल असं बघा: गळ्यात शिट्टी आणि हातात घड्याळ.

याच टेबलावर नरसाळं आणि रबरी नळी जोडून केलेला कान ठेवता येतो. पॅरिसमध्ये १८१६ साली लेनेक या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी करून स्टेथोस्कोपची सुरुवात केली ती संकोचातूनच. तरुण स्त्री रुग्णाच्या छातीला थेट कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. तो संकोच मुलांनाही असतो, म्हणून नळी इतकी लांब घ्या की मुलाला स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकता येतील. दुसऱ्याच्या अंगाला हात लावायची गरज कोणत्याच टेबलावर पडू नये.

हात धुण्याचं टेबल

हे सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात किचकट. अतिनील दिव्याखाली चमकणारं निरुपद्रवी लोशन हाताला चोळायचं, नेहमीसारखे हात धुवायचे आणि अंधाऱ्या खोक्यात हात घालून बघायचं. अंगठा, बोटांची टोकं, नखांच्या कडा आणि बोटांमधल्या बेचक्या चमकत राहतात. मग साबणाने निदान २० सेकंद सगळीकडे चोळून पुन्हा धुवायचे आणि पुन्हा बघायचं.

खोका आतून काळ्या कापडाचा, पुढे हातांसाठी दोन भोकं आणि वर बघायची फट. सुमारे ३९५ नॅनोमीटरचा दिवा आत छताला पक्का बसवा, प्रकाश फक्त खाली पडेल असा. सुटी टॉर्च मुलांच्या हाती देऊ नका, पहिला झोत शेजाऱ्याच्या डोळ्यात जातो. लोशन त्वचेवर वापरण्यासाठीच बनवलेलं असावं. चमकणारे मार्कर, रंग वगैरे जुगाड इथे नको. हातावर ताजी जखम किंवा त्वचेचा त्रास असलेल्या मुलाने जोडीदाराच्या हातांची नोंद ठेवायची.

एक गोंधळ इथे ठरलेला. मुलं ‘हे बघ जंतू!’ म्हणून ओरडतात. चमकतं ते लोशन, जंतू नव्हेत. सूत्रधाराने हे दर वेळी सांगायचं. कपड्यांचे पांढरे धागे आणि कागदाचे तुकडेही या दिव्याखाली निळे चमकतात, कारण त्यांना उजळ दिसण्यासाठी रसायन लावलेलं असतं. कागदी रुमालाने हात पुसले की त्याचे तंतू हाताला चिकटतात आणि मूल समजतं की आपण नीट धुतलं नाही. सुती पंचा वापरा, तोही आधी दिव्याखाली तपासून.

पाण्याचा हिशेब आधी करा. मुलामागे अर्धा लिटर धरला तरी ४० मुलांना २० लिटर लागतं, म्हणजे २० किलो ओझं, आणि तितकंच सांडपाणी. शाळेत पाणी असेल, पण ते प्रदर्शनाच्या खोलीत नसेल. पायाने चालणारा पंप, खाली झाकणाची बादली, टेबलाखाली रबरी चटई. हे जमणार नसेल तर टेबल सरळ नळाशेजारच्या पडवीत मांडा आणि अंधारा खोका तिथेच न्या. खोका कुठेही जातो, नळ जात नाही.

काय ठेवू नये

वजनकाटा ठेवू नका. उंची-वजन मोजून ‘तुम्ही कोणत्या गटात’ दाखवणारं टेबल बनवायला सोपं असतं म्हणून ते नेहमी सुचवलं जातं. चारचौघांत वजन वाचलं गेलेल्या मुलाला त्या दिवसाचं दुसरं काही आठवत नाही. तपासणी वेगळी, प्रदर्शन वेगळं. तपासणी एकट्याची, दाराआड आणि जाणकाराकडून व्हावी.

आदर्श शरीराची प्रतिमाही नको. वर ज्या ड्रेस्डेनच्या म्युझियमचा उल्लेख केला तेच पुढे नाझी राजवटीत वंशशुद्धीच्या प्रचाराला जुंपलं गेलं. ‘निरोगी’ आणि ‘बिघडलेलं’ शरीर शेजारी शेजारी मांडून प्रदर्शन कुठवर घसरू शकतं याचा तो इतिहास आहे. तुमच्या चित्रांत चष्मा, चाकाची खुर्ची, कानाचं यंत्र, लहान-मोठी, बारीक-जाड सगळी मुलं असू द्या, आणि ती खेळताना दिसू द्या. उपचाराची उदाहरणं म्हणून नकोत.

काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं मॉडेल पाहून मुलं घाबरतात खरी. पण ज्याचे वडील सिगारेट ओढतात ते मूल घाबरून घरी जातं आणि त्याच्या हातात करण्यासारखं काहीच नसतं. मुलाच्या ताब्यात नसलेल्या गोष्टीची भीती दाखवून काही साधत नाही.

फुंकर मारून मोजायची साधनं मी शक्यतो टाळतो. प्रत्येक मुलाला नवी तोंडनळी लागते, वर्गामागे ४० नळ्यांचा कचरा होतो आणि एखादा वात्रट मुलगा उलटी हवा ओढतोच. फुगे वापरायचेच असतील तर ते लॅटेक्सचे आहेत का ते बघा. काही मुलांना त्याची तीव्र ॲलर्जी असते.

आणि दोन वस्तूंबाबत अजिबात तडजोड नको: छोटी शक्तिशाली लोहचुंबकं आणि बटणासारख्या बॅटऱ्या. दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्याच्या दोन पदरांना मधे धरून ती एकमेकांना चिकटतात आणि भोक पाडू शकतात. बटण बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर काही तासांत ती जाळते. अवयव चिकटवायचे तर वेल्क्रो वापरा. घड्याळ, दिवा, आवाजाचं खेळणं, ज्यात बटण बॅटरी आहे त्याचं झाकण स्क्रूने बंद असलंच पाहिजे.

चौथी पायरी: आधी पुठ्ठ्यात

सुताराकडे जाण्याआधी सगळं पुठ्ठा, चिकटपट्टी आणि हाताने लिहिलेल्या फलकांत उभं करा. पाच-सहा मुलं बोलवा. काही समजावू नका, बाजूला बसा आणि तोंड बंद ठेवा. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. बघायचं इतकंच: हात पहिल्यांदा कुठे जातो, मूल कुठे थांबून मोठ्यांकडे बघतं, जोडीदाराशी काय बोलतं, आणि दुसऱ्यांदा करून बघावंसं वाटतं का. मूल मान वर करून ‘आता काय करू?’ विचारतं तिथे मांडणी चुकली आहे. तिथे सूचना वाढवू नका, वस्तू बदला. झाकण उघडायचं असेल तर मूठ ठळक करा, ओढायचं असेल तर टोक लोंबतं ठेवा.

हे चार-दोन वेळा करा, दर वेळी नव्या मुलांबरोबर. पुठ्ठा फाडायला जीव जळत नाही, रंगवलेलं प्लायवूड बदलायला जळतो.

पाचवी पायरी: बांधणी

पेटी आणि टेबल एकच असावं. झाकण उघडलं की तोच टेबलाचा पृष्ठभाग, आत फोममध्ये साधनं. फोममध्ये प्रत्येक वस्तूच्या आकाराची खाच कापा आणि खाचेचा तळ भडक रंगवा. आवरताना रंग दिसला म्हणजे काहीतरी राहिलं. सामान हरवणं या एका युक्तीने जितकं कमी होतं तितकं कुठल्याही यादीने होत नाही.

टेबलाची उंची उभ्या मुलाच्या कोपरापेक्षा किंचित कमी हवी. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ७५ सेंटीमीटर ठीक. खाली ७० सेंटीमीटरची जागा मोकळी ठेवली तर चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचे गुडघे आत जातात. दोन टेबलांमध्ये किमान ९० सेंटीमीटर वाट आणि कुठेतरी दीड मीटरची वळायला जागा. अगदी लहान मुलांसाठी टेबल नकोच, सगळं चटईवर मांडा.

प्लायवूडच्या कडा गोल घासा. खिडक्यांना काच नको. ॲक्रिलिक स्वस्त असतं पण तडकलं की धारदार तुकडे पडतात, पॉलिकार्बोनेट टिकतं. नटबोल्टांचं काम असं: गाडीच्या धक्क्यांनी साधे नट सुटतात, म्हणून नायलॉनची कडी असलेले वापरा, आणि जे दर वेळी खोलायचं तिथे हाताने पिळता येणारे पंखाचे नट. प्रदर्शन उभं करायला पाना-पेचकस लागता कामा नये, कारण नेमका तोच घरी राहतो.

वीज शाळेकडून मागू नका. ५ किंवा १२ व्होल्टवर चालेल असं सगळं करा आणि चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या सोबत ठेवा. लांब वायर जमिनीवरून जाणं आणि ४० मुलं पळणं हे एकत्र चालत नाही. लुकलुकणारे दिवे सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकू नयेत, त्याने काही मुलांना आकडीचा झटका येऊ शकतो.

फलक

एका फलकावर दोन ओळी. पहिली कृती सांगणारी, दुसरी प्रश्न. ‘नळी मनगटावर उभी करा. ती कशामुळे हलते?’ बास. ‘तुम्हाला माहीत आहे का’ ने सुरू होणारं एकही वाक्य नको, मुलांना त्यात परीक्षेचा वास येतो. फलक छापण्याआधी लक्ष्यवयातल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. ज्या शब्दापाशी अडखळेल तो बदला. चित्रं हाताच्या जागेवरच लावा, वर टांगलेला फलक लहान मुलाला छतासारखाच असतो.

सविस्तर माहिती सूत्रधाराच्या कार्डावर आणि शिक्षकांच्या पानावर द्या. ती वाया जात नाही.

सहावी पायरी: माणसं

टेबलामागे एक माणूस हवाच, आणि तो जितका लहान तितका चांगला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियमने १९६९ मध्ये दारं उघडल्यापासून हे काम शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलांना दिलं. त्याच शाळेतली वरच्या वर्गातली मुलं घेतली तर धाकट्यांना ती आपली वाटतात, आणि तुमची टीम गेल्यावर ज्ञान शाळेतच राहतं.

प्रशिक्षणात शरीरशास्त्र थोडं आणि गप्प बसणं जास्त शिकवा. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांतल्या संभाषणांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरही थांबत नाहीत. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलतात. सूत्रधारांना मनात ‘एक, दोन, तीन’ मोजायला लावा. आणि माहीत नसलेल्या प्रश्नाला ‘मला माहीत नाही, शोधू’ हे उत्तर द्यायची मुभा द्या. नाहीतर ती दडपून काहीही ठोकून देतात.

एखादं मूल टेबलाशी हळूच घरातलं आजारपण किंवा स्वतःला होणारा त्रास बोलून दाखवतं. त्या वेळी काय करायचं ते आधी ठरलेलं हवं: ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, आणि शाळेने नेमून दिलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी सांगायचं. ही व्यक्ती कोण हे शाळेशी पहिल्याच बोलण्यात विचारून घ्या. फोटोंची परवानगी, उड्या टाळायच्या मुलांची नावं, खोली, पाणी, गाडी कुठवर येते, हेही त्याच फोनमध्ये.

प्रदर्शनाचा दिवस आणि नंतर

मांडायला तासभर धरा. मधल्या सुट्टीत खोलीला कुलूप, नाहीतर सुट्टीनंतर मांडायला काही उरत नाही. प्रत्येक गटानंतर हाताळलेल्या वस्तू पुसायच्या, कानाला लागणारी टोकं ७० टक्के अल्कोहोलच्या पट्टीने. नाडीच्या टेबलाची माती दिवसअखेर टाकून द्या. दमट माती हातोहाती फिरलेली असते आणि ती स्वच्छ करता येत नाही.

पेटीच्या झाकणात एक वही अडकवा. कुठली वस्तू तुटली, कुठला प्रश्न तीनदा आला, कुठल्या टेबलाशी गर्दी झाली, हे त्याच संध्याकाळी लिहायचं. दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तुटणाऱ्या वस्तूंचे सुटे भाग वेगळ्या डब्यात: नळ्या, वेल्क्रो, दिव्याची जोडी, चिकटपट्ट्या, पेन. पेन दुपटीने ठेवा.

शिक्षकांकडे एक पान ठेवून जा. त्यावर मातीची आणि नळीची कृती, चमकत्या लोशनशिवाय हात धुण्याचा खेळ कसा करायचा ते, आणि मुलांनी विचारलेल्या ज्या प्रश्नांना तुम्ही ‘शोधू’ म्हणालात त्यांची उत्तरं. ती उत्तरं आठवड्याच्या आत पाठवा, पुढे कुणाला त्यांची गरज उरत नाही.

महिना-दीड महिन्याने त्याच मुलांना शरीराची तीच कोरी बाह्यरेखा पुन्हा द्या आणि जुने कागद शेजारी ठेवून बघा. आतड्याला आता गुंडाळ्या आहेत का, हृदयातून नळ्या निघून मनगटापर्यंत पोहोचतात का. ज्या टेबलाने चित्रात काहीच बदल केला नाही ते कितीही गर्दी खेचत असो, पुढच्या फेरीआधी ते काढा आणि त्याच्या पेटीत दुसरं काही बसवा.